जुलैतला नाताळ

जुलैत नाताळ करायची हौस माझीच, हे आधीच कबूल करते. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बेंडिगोच्या वृद्धनिवासात डिसेंबरात उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि निम्मे लोक पोराबाळांकडे गेलेले असतात. म्हणून झाड, टर्की, गरम पुडिंग, कागदी टोप्या, सगळं जुलैच्या थंडीत. मी, नोला, समितीची अध्यक्ष. अध्यक्ष कसली, बाकी कुणी कामाला हात लावत नाही म्हणून मी.

या वर्षी माझ्या अंगातच आलं होतं. भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली आणि नियम काढला: जो 'जुलै' म्हणेल त्याने सगळ्यांची ताटं घासायची. म्हातारे पोरासोरांसारखे खूश! अर्नेस्ट तर लोकरी स्वेटर घालून, हीटरला चिकटून, "काय उकडतंय बाई!" म्हणत बसला होता.

शेजारच्या खोलीतली एनिड झाडापाशी आली. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलंय. चष्मा फ्रिजमध्ये ठेवते, जेवली की नाही ते आठवत नाही.

"नोला, आज नाताळ?"

"मग! एवढं झाड दिसत नाही का तुला?" मी तोऱ्यात म्हणाले.

ती खोलीत गेली, निळा ड्रेस घालून आली आणि बाहेरच्या दाराजवळच्या बाकावर बसली. "ग्लेन येतोय पर्थहून. नाताळला नक्की येतो म्हणालाय."

ग्लेन तिचा मुलगा, तिकडे खाणीत कामाला. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला. "एनिड, अगं, हा आपला खोटा नाताळ. जुलै चाललाय."

तिने टाळी वाजवली. "म्हणालीस! म्हणालीस! आता घास ताटं!"

आतून सगळे ओरडले, "नोला हरली!"

"खड्ड्यात गेला तो नियम. खरंच सांगतेय गं मी."

"चल, लबाड कुठली," ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघत बसली. ग्लेनला फोन केला, तर तो खाणीत खाली उतरलेला. लागला नाही. तिचं ताट बाकावर नेऊन दिलं. "तो आला की जेवते," म्हणाली. टर्कीवरचा रस्सा गोठून गेला.

दिवे लागले तेव्हा तिने कागदी टोपी काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. "विसरला मला," एवढंच म्हणाली. मी सगळ्यांची ताटं घासली. नंतर कुणी आठवण केली नव्हती तरी.

सकाळपर्यंत विसरेल असं वाटलं होतं. सगळं विसरते बया, हेच तेवढं विसरली नाही. ग्लेनचा फोन आला की, "मला काम आहे," म्हणून माझ्या हातात द्यायची. मी त्याला झालं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे नोला, डिसेंबरात येतो, म्हणजे होईल सगळं ठीक."

आणि आला खरंच. पंचवीस डिसेंबर, चाळीस डिग्री, बुटांवर तांबूस धूळ, काखेत भेटीचा मोठा खोका. एनिड पंख्यासमोर बसली होती.

"आई, नाताळ आहे आज. आलो बघ."

तिने त्याला ओळखलं. ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. "नाताळ थंडीत झाला," ती म्हणाली. "मी दारात बसले होते. ताट गार झालं माझं."

ग्लेनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या खुर्चीजवळ गुडघे टेकले. या वयात गुडघे टेकणं सोपं नसतं. "एनिड, तो नाताळ माझा खेळ होता गं. त्याचा काहीच दोष नाही. चूक माझी."

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. पर्स उघडून ती घडी घातलेली टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू नेहमी त्यालाच पाठीशी घालतेस," ती म्हणाली. "फार चांगली आहेस तू."

मग तिने तोंड पंख्याकडे वळवलं. ग्लेनचं विमान संध्याकाळचं होतं. तोपर्यंत तो खोका मांडीवर घेऊन बाहेरच्या दाराजवळच्या बाकावर बसून राहिला. दर थोड्या वेळाने तो तिच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.