तिसऱ्या हौदातल्या मोंघीबेन

“बेन, बाटलीत नाही जायचे हे,” दलीचंदभाई म्हणाले आणि हौदासमोर हात पसरून उभे राहिले.

राजकोटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या केतकी ठाकर यांच्या हातात ट्रस्टींची चिठ्ठी होती. अभ्यासासाठी धान्यातले पन्नास पोरकिडे न्यायची परवानगी. आमच्या पांजरापोळात लंगड्या गाई, आंधळ्या शेळ्या आहेतच, पण मागच्या अंगाला जीवातखाना आहे. गावातल्या जैन घरांतून किडलेलं धान्य इथे येतं, हौदात ओतलं जातं आणि त्यातले किडे पोटभर खाऊन आपल्या मरणाने मरतात. त्यांची बडदास्त दलीचंदभाई एकतीस वर्षं ठेवत होते. ट्रस्टींना त्यांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“मग पहिल्या हौदातले देऊ या,” मी म्हटलं. मी तिथला कारकून. भांडणं मिटवणं माझ्याच गळ्यात.

“पहिल्यातलेही नाहीत. आणि तिसऱ्यातले तर मुळीच नाहीत!”

खरं कारण मला ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी मोंघीबेन वारल्या. बाई धर्माच्या पक्क्या, पण सूर्यास्तानंतर खायचं नाही म्हणताना चूळ भरायच्या निमित्ताने आत जाऊन गूळ-तुपाच्या सुखडीचा तुकडा तोंडात टाकायच्या. चाळीस वर्षं. दलीचंदभाईंनीही चाळीस वर्षं काणाडोळा केला. त्या गेल्या आणि उपाश्रयातले जैन मुनी, महाराजसाहेब, व्याख्यानात म्हणाले, कपट करणारा जीव पुढे पशूंत, किड्यांत उतरतो. त्याच महिन्यात घरातल्या गव्हाच्या डब्यात पोरकिडे झाले. गव्हाला एरंडेल चोळणारं आता कोणी नव्हतं, हे कारण त्यांना पटेना. डबा त्यांनी स्वतः आणून तिसऱ्या हौदात रिकामा केला.

केतकीबाईंना बाजूला घेऊन मी हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत, थेट दलीचंदभाईंपाशी गेल्या.

“काका, आमच्या शास्त्रात माणसाचा किडा होत नाही.”

“मग काय होतं?”

“एकट्याचं काहीच होत नाही. बदलते ती सगळी जात, लाखो वर्षांत.”

“आणि एकटा जातो कुठे?”

बाई घुटमळल्या. “कुठेच नाही.”

“मग आमचंच बरं. घसरला तरी असतो कुठेतरी. पुन्हा चढेल.”

“आमच्यात चढणं-उतरणं नाहीच काका. हा किडा तुमच्याइतकीच वाट चालून इथवर आलाय.”

“माझ्याइतकीच?” काकांनी किड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे तर महाराजसाहेबसुद्धा म्हणत नाहीत!”

बाईंनी भिंग पुढे केलं. “बघा तरी, किती नीट घडलाय.”

काका वाकले. “स्पर्श, चव, वास. तीन इंद्रियांचा जीव, बिचारा.” ते बराच वेळ बघत राहिले. “बेन, हे दोन बाजूंना काळं काळं काय?”

“डोळे.”

“पोरकिड्याला डोळे?”

“दोन.”

दलीचंदभाई ताठ झाले आणि त्यांनी चक्क मला मिठी मारली. “अरे, तीन नाहीत, चार इंद्रियं! एक पायरी वर आहे ती! चाळीस वर्षांच्या सुखडीला एवढीच शिक्षा!”

बाटल्या रिकाम्याच परत गेल्या. नोकरी गेली तर गेली, ट्रस्टींना कळवून टाक, असं त्यांनी मला ठणकावलं. बाईंसाठी मात्र स्वतः स्टूल आणलं, आणि बाईंनी हौदाशी बसून संध्याकाळपर्यंत भिंगातून काय टिपायचं ते टिपलं.

दुसऱ्या दिवशी दलीचंदभाई आले ते गुळगुळीत दाढी करून. तीन महिन्यांची झाडी गायब, अंगात इस्त्रीचा सदरा.

“काय काका, कुणाचं लग्न?”

“लग्न कसलं रे. आता दिसतं ना तिला,” ते म्हणाले आणि टोपी सरळ करून तिसऱ्या हौदापाशी गेले.