बत्तीस पानं आणि एक भोक

मी एक जुना अंक आहे, भयकथांच्या चित्रमासिकाचा. पानं बत्तीस, आणि शेवटच्या पानाला एक भोक. मित्रांनो, माझ्या पोटात मढी आहेत, कुऱ्हाडी आहेत. पण मला स्वतःला धक्के दिले ते त्या भोकाने आणि एका बाईने.

ओहायोतल्या एका पोलाद कारखान्याच्या गावात, औषधांच्या दुकानातल्या तारेच्या मांडणीवर मी लटकत होतो. कागद हलका, शाई बोटांना लागणारी. एमिल ह्रुस्का या दहा वर्षांच्या मुलाने मला घरी नेलं आणि गादीखाली दडवलं.

तो मला पुरवून पुरवून वाचायचा. शाळेतून आला की रोज एकच पान. गोष्ट अशी, की एक माणूस सख्ख्या भावाला पेटीत घालून पुरतो, आणि मग रोज त्याला खिळ्यांची ठकठक ऐकू येते. शेवटी तो पेटी उघडायला जातो. आत काय होतं, ते शेवटच्या चित्रात.

पण सकाळी, एमिल शाळेत असताना, मला आणखी कुणी वाचायचं. त्याची आई, ल्युडमिला. चादर बदलताना मी तिच्या हाती लागलो. "शी! काय ही घाण!" म्हणत तिने पान उलटलं. "देवा रे!" म्हणत दुसरं. हातांचं पीठ माझ्या कोपऱ्यांना लागलं, खाली चुलीवर कोबी करपला, तरी बाई शेवटच्या चित्रापर्यंत गेलीच. मग मला होतो तसंच ठेवून दिलं.

आणि हीच ल्युडमिला शाळेतल्या मुलांच्या आयांची पुढारी! "असले अंक पोरांना बिघडवतात, शनिवारी मैदानात सगळे जाळून टाकू," हे तिनेच सुचवलेलं. ऐकून मी गारच पडलो.

शुक्रवारी शेजारचा ड्वाइट आला. माझ्या शेवटच्या पानामागे जाहिरात होती: संमोहनाची अंगठी, सोबतचं कूपन कापून पाठवा.

"काप की! उद्या जाळणारच आहेत."

"अरे, माझा शेवट वाचायचा राहिलाय."

"कूपन मागे आहे मूर्खा, गोष्ट पुढे!"

एमिलला ते पटलं. कात्री फिरली, पाकीट टपालात पडलं. मग त्याने पान उलटलं. शेवटच्या चित्राच्या जागी भोक, आणि भोकातून ड्वाइटचा चेहरा.

शनिवारी सकाळी ल्युडमिला सुतळी घेऊन आली. गावातले बाकीचे अंक केव्हाच मैदानात गेले होते. एमिलने मला छातीशी धरलं होतं.

"सोड ते, बाळा. मी तर असल्याला बोटही लावत नाही."

"पण आई, आता कुणालाच कळणार नाही! पेटीतला भाऊ मेला होता की जिवंत?"

"भाऊ कसला! भाऊ बाहेर उभा, खिळे ठोकत. पेटीत तो स्वतःच—"

सुतळी तिच्या हातातच राहिली. एमिलचा हुंदका अर्ध्यावर थांबला. मी तर, मित्रांनो, सगळ्या मढ्यांसकट हादरलो.

"चादर बदलताना... ते उघडंच पडलं होतं," ती पुटपुटली. कानांपर्यंत लाल.

"बत्तीसच्या बत्तीस पानं?" एमिल म्हणाला.

ती मटकन पलंगावर बसली. सुतळी गुंडाळत म्हणाली, "पिठाच्या डब्यात ठेव त्याला. तळाशी. आणि त्या ड्वाइटला एक शब्द सांगशील तर बघ!"

ती मैदानात गेली नाही. पण तिनेच रचलेली आग तिच्यासाठी थांबली नाही. दुपारी खिडकीतून राख आली. ती माझ्या भावंडांची होती. ल्युडमिलाने ती खिडकीच्या चौकटीवरून फडक्याने पुसली आणि ते फडकं कितीतरी वेळ तसंच धरून उभी राहिली.

अंगठी काही आली नाही. एमिल आता म्हातारा झालाय. परवा जुने अंक घेणारा एक जण मला उलटून म्हणाला, "भोक आहे. काही उपयोग नाही." एमिल नुसता हसला.

मित्रांनो, कात्री लावण्याआधी पान उलटून बघत जा. आणि कुणी एखादं पुस्तक जाळायला सांगितलं, तर आधी त्याच्या बोटांची शाई बघा.

माझ्या भोकावर आता तपकिरी कागद डकवलेला आहे. त्यावर पेन्सिलीने, पिठाच्या बोटाच्या ठशासकट, लिहिलंय: 'पेटीत तो स्वतःच होता. मी पाहिलं. — आई.'