घरात कोणी राहायचं नाही

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात बँकेने दारातून परत पाठवलेले सगळे हार्लन व्हिटकोम्बकडे यायचे. जुन्या गाड्या विकून कमावलेला पैसा हा माणूस पडक्या घरांवर लावायचा. तुम्ही घर घ्या, दुरुस्त करा, विका. तोवर व्याज त्याला आणि घर त्याच्याकडे गहाण. रॉस कोवाल्चिकनेही तसंच एक घर घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्यावर पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी करत होता बिचारा. होतं नव्हतं ते त्याने त्या घरात ओतलं होतं.

हार्लनची एक अट फार कडक होती: विकेपर्यंत घरात कोणी राहायचं नाही. कोणी राहिलं की ते धंद्याचं कर्ज उरत नाही, राहत्या घराचं होतं. मग कायदा कर्जदाराच्या बाजूने उभा राहतो आणि घर ताब्यात घेताना सावकाराच्या नाकीनऊ येतात. म्हणून एक रात्र जरी कोणी झोपलं, तरी सगळे पैसे ताबडतोब परत, नाहीतर घर हार्लनचं.

आणि या शहाण्याने काय केलं? जानेवारीत आईच्या भाड्याच्या घरातलं हीटिंग बंद पडलं, घरमालक फोन उचलेना, तेव्हा तिला सरळ आणून मागच्या खोलीत ठेवलं.

"चारच दिवस, आई. पण कोणालाही दार उघडू नकोस हं!"

दार वाजल्यावर त्याची आई बर्निस जन्मात कधी गप्प बसली होती? दुरुस्तीसाठीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता देण्याआधी हार्लन स्वयंपाकघर बघायला आला. तिने त्याचा कोट काढून घेतला, कॉफी ठेवली, खसखशीचा रोल कापला. रॉस रंगाचे डबे घेऊन आत शिरला, तेव्हा हार्लन दुसरा तुकडा खात होता.

"तुमच्यामुळे माझ्या पोराचं भलं झालं हो," बर्निस सांगत होती. "आणि मागची खोली काय उबदार आहे! सकाळी बिछान्यातून उठावंसंच वाटत नाही."

"हो का?" हार्लनच्या आवाजात नुसती माया. "कधीपासून आहात?"

"आई, गप्प बस!"

"गप्प काय? त्यांचेच पैसे लागलेत, त्यांना नको सांगायला?"

हार्लनने तोंड पुसलं, रोलची तारीफ केली आणि रॉसला बाहेर पोर्चवर नेलं.

"उद्या सगळे पैसे दे, नाहीतर किल्ल्या."

"अहो, गिऱ्हाईक ठरलंय! पुढच्या आठवड्यात सह्या आहेत."

"म्हणूनच तर. छान झालंय घर."

रॉस गयावया करू लागला, रडला. हार्लनने त्याला पोटभर रडू दिलं. घाई कसली होती मेल्याला!

"एक वाट आहे," शेवटी तो म्हणाला. "बाई आपली आपणच घुसली असेल, तर तू अट मोडली नाहीस. पोलिसांना बोलाव. तशी नोंद झाली की मला घोर नाही."

"माझी आई आहे ती!"

"ते मी ऐकलंच नाही, असं समज."

रॉसने फोन केला, पोलीसबाई आली. कोवळीच पोर होती. तिने रॉसला विचारलं, "यांना ओळखता?"

"नाही," रॉस म्हणाला. "मी कुलूप लावून गेलो होतो."

बर्निस आधी हसली. तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. "रॉसी, काय बोलतोस रे?" मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. काय ते तिला कळलं नसेल, पण पोरगा संकटात आहे एवढं कळलं.

"खिडकी उघडी होती," ती पोलीसबाईला म्हणाली. "थंडी वाजत होती म्हणून शिरले. या भल्या माणसाला मी नाही ओळखत." तिच्या ओळखपत्रावर दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

"नुसतं बाहेर काढायचं, की तक्रार करायचीय?" पोलीसबाईने विचारलं.

रॉसने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने होकाराची मान हलवली.

"तक्रार," रॉस म्हणाला.

"कपबश्या तेवढ्या विसळून ठेवू का?" बर्निसने विचारलं. पोलीसबाईने तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवलं, गाडीत बसवलं. बर्निसने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पोराचं बिंग फुटू नये म्हणून.

गाडी वळणाआड गेली, तसा रॉस भानावर आला. "कुठे नेतील हो तिला? रात्रभर ठेवतील? तिच्या गोळ्या आतच राहिल्यात!"

हार्लन कोटाची बटणं लावत होता.

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "तुझी कोण लागते ती?"