देठावरची फुली

हाडाची डबी, आत सुरकुतलेला गर,
बसल्या जागी राज्य करी साऱ्या अंगावर!

ओळखलंत ना, मित्रांनो? मेंदू! पण मी खरा नव्हे. मी मेंदूचा एक जुना प्लास्टरचा नमुना आहे आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर राहतो.

कारागिराने मला सुट्या भागांत घडवलं. वर मोठ्या मेंदूचे दोन अर्धे, अक्रोडासारखे घड्यांचे. त्यात कपाळामागे विचार, पार मागे दृष्टी, मधल्या पट्टीत हातापायांची हालचाल. मागे खाली, मोठ्याच्या पदराखाली लपल्यासारखा लहान मेंदू. तो तोल सांभाळतो. आणि सगळ्यांच्या तळाशी देठ. श्वास आणि काळजाचे ठोके तो सांभाळतो, तुम्ही झोपलात तरी. नवा होतो तेव्हा शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती गोळा होत. मग पडद्यावर फिरणारी चित्रं आली आणि मी कागदांवरचं वजन झालो. धूळ खात पडलो.

एके दिवशी एक शिवणकाम करणारी बाई नवऱ्यासोबत आली. नवरा टेम्पो चालवायचा. तिच्या उजव्या हातातून सुई निसटत होती. कितीतरी दिवस तिने ते लपवलं होतं.

"मेंदूच्या आवरणाला गाठ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला. लवकर काढली नाही, तर हात जाईल. पुढे जिवालाही धोका आहे."

नवरा ताडकन उठला. "हात उजवा, आणि डोकं डावीकडून उघडणार? बोनेट सोडून डिकी उघडणाऱ्या मेकॅनिकसारखं झालं हे! चल गं, ऊठ."

"अहो, बसा ना जरा," ती म्हणाली.

"काय बसा? एकदा कापलं की कापलं!"

तिचा हात धरून तो दाराकडे वळला. ती दारातून गेली असती तर? मला तोंड असतं तर ओरडलो असतो!

डॉक्टरबाईंनी मला पुढे सरकवलं. "ताई, हा देठ काढा. उजव्या हाताने."

तिने देठ उचलला. बोटं थरथरली. खट्! देठ फरशीवर. कडेचा टवका उडाला.

तिचे डोळे भरले. "कापड चुकलं तर उसवून शिवते हो मी. हे कसं उसवायचं?"

नवरा वाकला. देठ उचलून त्याने अंगठ्याने धूळ पुसली आणि तसाच थांबला. धुळीखाली दोन रेघा होत्या, एक लाल, एक निळी. तळाशी त्या एकमेकींना ओलांडत होत्या. त्याने लाल रेघेवरून बोट फिरवलं. डावीकडून निघालं, उजवीकडे पोचलं.

"अगं... हे बघ."

"फुलीचा टाका," ती हळूच म्हणाली.

"तेच तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हुकूम नेणारे तंतू इथे बाजू बदलतात, म्हणून उजव्या हाताचा धनी डावीकडे बसतो. ही धूळ मीच पुसायला हवी होती."

नवरा खाली बसला. "कधी करायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरबाईंची खुर्ची रिकामी होती. दाराबाहेर नवऱ्याच्या चपला जात, येत, जात, येत. माझ्यात श्वास नाही, तरी कोंडल्यासारखं झालं. शेवटी बाहेर डॉक्टरबाईंचा आवाज आला, "गाठ निघाली. हाताला मात्र वेळ लागेल." चपला थांबल्या.

पुष्कळ दिवसांनी ती नवऱ्यासोबत आली, डोक्याला रुमाल बांधून. तिने उजव्या हाताने देठ उचलला. बोटं थरथरली, पण सुटली नाहीत. देठ जागेवर बसला. कडेला खाच तेवढी उरली.

नवऱ्याने खिशातून टवका काढला. "त्या दिवशी उचलला, तो द्यायचाच राहिला. ही आत होती तेव्हा एवढंच मुठीत धरून बसलो होतो."

डॉक्टरबाईंनी डिंकाची बाटली पुढे केली.

मित्रांनो, मला डिंक चालतो, तुमच्या मेंदूला नाही चालत. हातातून वस्तू निसटू लागली, जीभ अडखळू लागली, चालताना झोक जाऊ लागला, तर लपवू नका. घरात सांगा. आणि जमलंच तर, माझ्यासारख्या एखाद्या जुन्यावरची धूळही पुसत जा.