मिठागरामागची जाळी

आठवड्याचे पाच दिवस ती शाळेची बस चालवायची आणि वसंतातले रविवार पक्षी बघणाऱ्यांची. दोन्हींत फारसा फरक नाही, असं ती म्हणायची. पोरं खिडकीतून डोकी बाहेर काढतात, ही माणसं दुर्बिणीसकट काढतात, एवढंच.

या मंडळींचे म्होरके म्हणजे मास्तर. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. समुद्र ओलांडून पक्षी उत्तरेकडे निघाले की मास्तर सलग सहा रविवारांच्या सहली ठरवायचे. सोबत पोस्टातली एक बाई, बेकरीवाले नवरा-बायको आणि अधूनमधून कुणी नवखा. सगळे तिला ड्रायव्हरताई म्हणायचे. पहिल्या वर्षी ती बसमध्येच पाय पसरून डुलक्या काढायची. मग एकदा मास्तरांनी काचेवर टकटक केलं, दुर्बीण तिच्या हातात दिली आणि समोरच्या झाडातला हळद्या दाखवला. इतका पिवळा जीव तिने आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती कामातून गेली. सोमवारी शाळेच्या फाटकाशी उभी असतानासुद्धा तिची मान वरच असायची.

शनिवारी ती आईकडे जेवायला जायची. तिथे तिचा धाकटा भाऊ असायचा. पस्तिशीचा झाला तरी घरात त्याला बारक्याच म्हणत. तो इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचा. बाबांच्या हाताखालीच शिकला होता. बाबांचा हात कामाला जितका चालायचा तितकाच पोरांवरही. बाबांनी खुंटीवरचा पट्टा काढला की ती मधे उभी राहायची. बारक्याच्या वाटणीचे निम्मे वळ तिच्या पाठीवर उठले होते. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, पण बारक्या तिच्यासमोर आवाज चढवत नसे.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी जेवताना ती सांगत होती, "मिठागराच्या मागे झुडपं आहेत ना, तिथे लावे उतरतात. अख्खी रात्र समुद्रावरून उडून येतात बिचारे. जमिनीला पाय लागले की हलायचंही त्राण नसतं. पायाखाली येतील असे बसून राहतात."

"किती असतील?" बारक्याने विचारलं.

"शेकड्यांनी."

"मिठागर म्हणजे नेमकं कुठून?"

तो पक्ष्यांबद्दल पहिल्यांदाच काही विचारत होता. तिला इतका आनंद झाला की विजेच्या बिलाच्या पाकिटामागे तिने नकाशा काढून दिला. बांध, पडकं पंपघर, झुडपं. आई म्हणाली, "घ्या, आता हाही दुर्बीण लावून फिरणार." बारक्याने पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

चौथ्या रविवारी मंडळी भल्या पहाटे मिठागराच्या बांधावर पोचली, तेव्हा धुकं गुडघ्याएवढं होतं. झुडपांतून लाव्यांचा आवाज येत होता. बेकरीवाल्याची बायको खूश झाली. मास्तर मात्र थांबले, कान दिला आणि म्हणाले, "हा पक्षी दम घेत नाही."

खरंच होतं. तेच तीन सूर, तेवढ्याच अंतराने, पुन्हा पुन्हा. कुणीतरी झुडपात स्पीकर लावून ठेवला होता. थकलेल्या पाखरांना वाटावं की इथे आपली माणसं आहेत, उतरायला हरकत नाही.

पन्नास पावलांवर पहिलं जाळं लागलं. बांबूंना ताणलेलं, केसाएवढ्या बारीक धाग्याचं, माणसाच्या उंचीचं. त्यात लावे अडकले होते. काही उलटे लोंबत होते, काहींनी सुटायची धडपड करून पंख मुळापासून उपटून घेतले होते. एकाचा पाय धाग्याने कापून गेला होता आणि तो दुसऱ्या पायावर गरगर फिरत होता. एक हळद्याही होता, मेलेला, पिवळ्या छातीवर रक्ताची रेघ. खाली गोणपाटात माना पिरगळलेल्या पाखरांचा ढीग होता. वरची काही अजून गरम होती.

पोस्टातली बाई मटकन खाली बसली आणि ओकली. मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढली आणि कुणाशी न बोलता धागे कापायला लागले.

ड्रायव्हरताई बांबूकडे बघत होती. बांबू रोवून त्याला आडवी काठी बांधली होती, दोरीला दुहेरी पीळ देऊन टोक आतून मागे ओढलेलं. ती गाठ बाबांची होती. बाबांशिवाय ती फक्त तिला आणि बारक्याला यायची.

त्याच क्षणी ती बोलली असती, "मास्तर, चला, माणसं जवळच असतील," असं म्हणाली असती, तर पुढचं काही झालं नसतं. ती म्हणाली, "मी बसमधून खोका आणते, जिवंत आहेत ते ठेवायला." आणि निघाली.

बसपाशी पोचल्यावर तिने बारक्याला फोन लावला. त्याने तिथून निघून जावं, एवढंच तिला सांगायचं होतं. कानाशी घंटी वाजायला लागली आणि मागे, धुक्यात, पंपघराच्या बाजूने त्याच्या फोनची ती नेहमीची पिपाणी वाजली. दोनदा वाजली आणि कुणीतरी ती दाबली.

मग बेकरीवाल्याची बायको किंचाळली.

ताईने सीटखालचा चाकाचा पाना ओढून काढला. लोखंडी, हातभर लांब, एका टोकाला जड. तो घेऊन ती पळाली. आपण तो कुणासाठी घेतलाय याचा विचार तिने केला नाही, असं ती नंतर पोलिसांना म्हणाली. ते खोटं होतं.

दोन माणसं होती, तोंडाला रुमाल बांधलेली. एक आडदांड, मानेपासून खांद्यापर्यंत एकच रुंदी. पुढे पोलीसठाण्यात कळलं की त्याला पहिलवान म्हणतात. त्याने मास्तरांच्या दुर्बिणीचा पट्टा धरला होता आणि त्यांना त्याच पट्ट्याने जमिनीवरून फरफटत नेत होता. मास्तरांचा चेहरा जांभळा पडला होता, टाचा चिखलात रेघा ओढत होत्या. बेकरीवाला गडी अंगाने दांडगा, पण त्याच्या कपाळावर बांबू बसला होता आणि तो डोळ्यांतलं रक्त पुसत जाळ्यात गुरफटून पडला होता. बांबू दुसऱ्याच्या हातात होता.

मास्तरांनी कसंबसं वळून हातातली कात्री पहिलवानाच्या मांडीत खुपसली. पहिलवान ओरडला, पट्टा सुटला. मास्तर गुडघ्यांवर उठले आणि तेवढ्यात दुसऱ्याने बांबू भाल्यासारखा समोर हाणला. तिरका छाटलेला बांबू होता. टोक मास्तरांच्या डाव्या डोळ्यात गेलं. मास्तर ओरडले नाहीत, त्यांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला आणि ते दोन्ही हात चेहऱ्यावर धरून आडवे झाले. बोटांमधून रक्त यायला लागलं.

त्याने बांबू पुन्हा उचलला.

ताई तोवर पोचली होती. तिने पाना दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन टाकून त्याच्या हातावर मारला. आवाज फारसा झाला नाही. हात मात्र मनगट आणि कोपर यांच्या मधोमध वाकला, जिथे हात वाकत नसतो तिथे. बांबू पडला. त्याच्या तोंडावरचा रुमाल घसरला. बारक्या तिच्याकडे बघत होता.

"ताई," एवढंच तो म्हणाला.

तिने पुन्हा मारलं. या वेळी खांद्यावर. तो खाली बसला, आणि तिने तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा पहिलवानाने तिला मागून कमरेत लाथ घातली. ती तोंडावर पडली, गोणपाटातल्या मेलेल्या पाखरांवर. त्याने तिच्या बरगड्यांत आणखी दोन लाथा घातल्या. दुसरीला आत काहीतरी कट्‌कन झालं. तिसरी बसली नाही, कारण पोस्टातल्या बाईने दुर्बिणीची तिपाई उलटी धरून त्याच्या मस्तकात घातली होती. साडेचार फुटांची ती बाई, तीस वर्षं पत्रांवर शिक्के मारलेले हात. ती एकदा मारून थांबली नाही. पहिलवान पालथा पडल्यावर बेकरीवाला जाळ्यासकट त्याच्या पाठीवर जाऊन बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. त्याची बायको फोनवर पत्ता सांगत होती आणि मधेच रडत होती. झुडपातला स्पीकर अजून तेच तीन सूर वाजवत होता. शेवटी ताईनेच सरपटत जाऊन त्याची तार उपटली.

पोलीसठाण्यात अधिकाऱ्याने विचारलं, "हात मोडलेला इसम तुमच्या ओळखीचा?"

"सख्खा भाऊ."

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं. तिने न विचारताच पुढचं सांगितलं. जागा मीच दाखवली, नकाशा काढून दिला, पाकीट त्याच्या खिशात सापडेल. मागच्या बाकावर पोस्टातली बाई बसली होती. तिने सगळं ऐकलं, उठली आणि बाहेर निघून गेली.

मास्तरांचा डोळा वाचला नाही. ताई इस्पितळात गेली तेव्हा त्यांचं अर्धं डोकं पट्टीत होतं. तिने त्यांनाही नकाशाचं सांगितलं, गाठीचंही सांगितलं. गाठ ओळखूनही ती गप्प राहिली हे ऐकल्यावर मास्तरांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. थांबायचं नाव न घेणारा माणूस.

"नकाशाचं मी समजू शकतो," ते अखेर म्हणाले. "गाठीचं नाही. तुम्ही जा आता."

तिथून ती आईकडे गेली. आई ओटा पुसत होती. तिने हातातलं ओलं फडकं लेकीच्या तोंडावर मारलं, मग फडकं टाकून नुसत्या हाताने मारलं. बरगड्यांना पट्टा बांधलेला होता तिथेही मारलं. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिने हात आडवा केला नाही.

"पाखरांसाठी," आई म्हणत होती, "चार पाखरांसाठी पोटच्या भावाचा हात मोडलास."

"त्याने माणसाचा डोळा फोडला, आई."

"ते मला सांगू नकोस. तुला ठाऊक होतं ना तो आहे ते?"

"होतं."

आईचा हात खाली आला. "चालती हो," ती म्हणाली. आणि ताई गेली.

बारक्या तीन आठवड्यांनी जामिनावर सुटला. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो बसडेपोत आला. ताई पाइप घेऊन शाळेची बस धूत होती. त्याच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टर होतं. तो सरळ चालत आला, आणि ती "बारक्या" म्हणेस्तोवर त्याने प्लॅस्टरचा हात फिरवून तिच्या तोंडावर घातला.

ती बसच्या दारावर आदळली. ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं. डेपोतले दोन मेकॅनिक धावत यायला लागले, तिने त्यांना हाताने थांबवलं. बारक्याने पुन्हा हात उगारला, पण मारता येईना. पहिल्याच फटक्याने प्लॅस्टर तडकलं होतं आणि आतलं हाड हललं होतं. दुखण्याने तो पांढराफटक पडला आणि ओल्या फरशीवर बसला.

"बाबा निदान सांगून मारायचे," तो म्हणाला. "पट्टा काढताना दिसायचा तरी."

ती पाण्याच्या पाइपने तोंड धूत राहिली. रक्त थांबेना. मग तिने पाइप बंद केला, त्याला काखेतून धरून उभं केलं आणि बसमध्ये चढवलं. तो पहिल्या बाकावर बसला. तिने बस इस्पितळाच्या वाटेला लावली.

"मला ओळखून मारलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"दुसऱ्यांदाही?"

"दुसऱ्यांदा जास्त ओळखून."

सिग्नल लागला. तिने ब्रेक दाबला, ओठाला लावलेला रक्ताळलेला कापसाचा बोळा बदलला.

"मला तो म्हातारा दिसलाच नाही," बारक्या म्हणाला. "मी नुसता बांबू पुढे केला. पहिलवान ओरडला म्हणून केला."

"पुन्हा उचललास ना."

सिग्नल सुटल्यावर तो म्हणाला, "उचलला." आणि थोड्या वेळाने, "डोळा अजिबातच गेला का?"

"गेला."

त्याने कपाळ समोरच्या लोखंडी दांडीवर टेकवलं आणि इस्पितळ येईपर्यंत वर केलं नाही. तिथे हात पुन्हा बसवला. भूल देण्याआधी डॉक्टरांनी ताईच्या ओठाकडे बघून विचारलं, हे काय. ती म्हणाली, "दार लागलं." बारक्या पडल्या पडल्या म्हणाला, "मी मारलं."

कोर्टातही त्याने तेच केलं. वकिलाने धुक्याचं, गडबडीचं सगळं शिकवून ठेवलं होतं. बारक्याने उभं राहून गुन्हा कबूल केला. पहिलवानाला चार वर्षं झाली, कारण त्याच्या नावावर आधीची दोन प्रकरणं होती. बारक्याला तीन झाली. आई निकालाच्या दिवशी ताईपासून दोन बाक सोडून बसली आणि उठताना तिच्याकडे न बघता गेली.

ताई महिन्यातून एकदा तुरुंगात जाते. पहिल्या दोन खेपांना तो भेटायला बाहेर आला नाही. तिसऱ्या खेपेला आला. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, असं म्हणाला. परांचीचं काम आता जमायचं नाही. तिने ती बोटं जाळीतून धरली आणि त्याने धरू दिली.

पुढच्या वसंतात बेकरीवाल्याने फोन केला. मंडळी पुन्हा निघणार आहेत, बस घेऊन याल का, म्हणाला. मास्तरांनी विचारायला सांगितलंय का, असं तिने विचारलं. तो चाचरला आणि म्हणाला, "त्यांनी नको म्हटलेलं नाही."

ती गेली. पोस्टातली बाई चढली, मान हलवून पुढे सरकली. मास्तर सगळ्यांत शेवटी चढले. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं, म्हणून पायरी चुकली आणि ते तोल जाऊन तिच्या सीटवर आले. तिने त्यांना दंडाला धरून सावरलं. त्यांनी दंड सोडवून घेतला, मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मिठागराकडे नको. दुसरीकडे कुठेही चला."

तिने गिअर टाकला.