तरंगलेल्या नळ्या

"या नळ्या तू कधी घेतल्यास रे?" सुभद्राने विचारलं.

टेक्निशियन अनिशने कॉम्प्युटरवरची नजर हलवली नाही. "रॅकवर होत्या, सुकलेल्या. तुम्ही लेट आलात मावशी. बाहेर लाइन बघितली का?"

"किती जणांना दिल्यास?"

"एकच झालीय. ती अक्कू, अँटॉप हिलची. काय फुंकली आज पोरगी! ग्राफ बघा."

सुभद्राने ग्राफ पाहिला नाही. ती मोरीपाशी उभी होती. समोरच्या फळीवर तिची चाळण होती. कोरडी ठणठणीत.

परळच्या त्या इस्पितळात, जिन्याखालच्या खोलीत, श्वासाची तपासणी होते. नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. मशीन श्वास मोजतं. नळ्या फेकायच्या नसतात, धुवून पुन्हा वापरायच्या असतात. एकोणीस वर्षं त्या सुभद्रा तांबे धुत होती. आधी साबण आणि ब्रश, मग टबातल्या औषधात वीस मिनिटं, मग स्वच्छ पाणी, मग रॅक. भिंतीवरच्या कागदात एवढंच लिहिलेलं. नळ्या हलक्या असतात, तरंगतात, आणि वर राहिलेल्या भागाला औषध शिवतही नाही, हे कागदात नव्हतं. ते तिला तिच्या डोळ्यांनी कळलं होतं. म्हणून तिने घरची तांदूळ धुवायची चाळण आणली. एकेक नळी तिरकी बुडवायची, आतला बुडबुडा गुळूक करून बाहेर येईपर्यंत धरून ठेवायची. मग सगळ्यांवर चाळण उपडी घालायची आणि वर पाण्याने भरलेली बाटली. "मावशींनी भात लावला," वॉर्डबॉय हसायचे. हसू देत.

काल साडेचारला तिने सहा नळ्या टबात सोडल्या, चाळणीसाठी हात वर केला आणि फोन वाजला. नातू बालवाडीच्या पायरीवरून पडलेला, सून कामावर. बोलणं संपलं तेव्हा तिला भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत होतं. वीस मिनिटं झाल्यावर तिने नळ्या काढल्या, विसळल्या, रॅकवर लावल्या आणि पळाली. नातवाच्या हनुवटीला तीन टाके पडले. चाळण फळीवरून खाली आलीच नाही.

आणि काल शेवटचा पेशंट म्हणून फुंकून गेलेल्या म्हाताऱ्याचा थुंकीचा रिपोर्ट आज सकाळी टेबलावर आला होता. टीबी. जंतू अडवायला मशीनला लावायचे फिल्टर पंधरा दिवसांपासून संपलेले.

तिने अनिशला सांगितलं. तो खुर्चीसकट वळला.

"साबणाने घासल्यात ना?"

"घासल्या."

"मग झालं तर. सहा नळ्या मावशी. त्याची कुठली, हिची कुठली, कोण सांगणार? परत बुडवा सगळ्या, मी चहा घेऊन येतो. विषय खल्लास."

"आणि अक्कू?"

"काय होत नाय तिला." त्याने आवाज उतरवला. "एकतीसला तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. वरचे बहाणाच शोधतायत. सुनेच्या एकटीच्या पगारात घर चालेल का सांगा ना. उगाच हरिश्चंद्र नका बनू."

तो वाईट नव्हता. तिच्या मुलाचं क्रियाकर्म झालं तेव्हा आठवडाभर तिची कामं त्यानेच ओढली होती. सुभद्राने सहाही नळ्या एका पिशवीत घातल्या, तोंड बांधलं आणि विभागाच्या डॉक्टर मनवा मॅडमच्या केबिनकडे गेली.

मॅडम वयाने तिच्या सुनेएवढ्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"टेस्ट बंद करा. ती मुलगी गेली का?"

"औषधाच्या खिडकीपाशी आहे. आई आहे बरोबर."

"बोलवा. मी सांगते त्यांना."

"मी सांगते मॅडम. धुतल्या मी."

अक्कूच्या आईने, प्रितीने, आधी नीट ऐकूनच घेतलं नाही. तिला वाटलं, पुन्हा फुंकायला बोलावतायत. मग तिचा हात अक्कूच्या खांद्यावर आला, खांद्यावरून तोंडावर. ओढणीच्या टोकाने ती पोरीचे ओठ पुसायला लागली. अक्कू नऊ वर्षांची. "मम्मी, दुखतंय," ती म्हणाली.

"मागच्या टायमाला तुम्हीच बोलला होता ना मला?" प्रितीचा आवाज फाटला. "मी विचारलेलं, नळी साफ आहे का. तुम्ही बोललात, घाबरू नको गं, मी स्वतः धुते. बोललात ना?"

"बोलले."

"मग?"

सुभद्राकडे नातवाचं कारण होतं. ते ओठांपर्यंत आलं, पण तिने बाहेर काढलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मॅडमनी आई-मुलीला आत घेतलं. दार लागण्याआधी त्या सुभद्राला म्हणाल्या, "झालेलं सगळं लिहून द्या. आणि आता मोरीकडे नका जाऊ. बाहेर बसा."

तिने लिहून दिलं. फोनचं लिहिलं नाही. चाळण घालायची राहिली, एवढंच. वाचून अनिश म्हणाला, "अरे यार, मावशी." मग ती पेशंटच्या बाकावर येऊन बसली. एकोणीस वर्षांत त्या बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती. बाकाला पाठ नव्हती, हेही तिला आजच कळलं.

अर्ध्या तासाने प्रिती बाहेर आली. हातात कागद होते. एक्स-रे, तपासणी, कदाचित सहा महिने गोळ्या. दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. वळून पाहिलं नाही.

"धाकटा हिच्या कुशीत झोपतो," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "दीड वर्षाचा आहे. आत विचारायचं राहिलं. झोपवू का?"

सुभद्रा उठून उभी राहिली. "झोपव. आज हिच्यापासून त्याला काही नाही. तुम्हाला बोलवायला येण्याआधीच मी मॅडमना तेच विचारून घेतलं, घरात लहान असेल तर काय म्हणून. खोकला, ताप आला तर मात्र त्याच दिवशी घेऊन ये."

"नक्की?"

"नक्की."

प्रितीने मान हलवली. त्या शब्दावर तिने विश्वास ठेवला होता, हे तिच्या सैल पडलेल्या खांद्यांवरून कळत होतं. बाहेर जायची वाट बाकाजवळूनच होती. सुभद्राच्या समोरून जाताना तिने अक्कूचा हात सोडला, मागून वळसा घालून पोरीला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं आणि मग ती चालू लागली.