सोळा शून्यं

"त्या खुर्चीवर कोण बसलंय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"कोणी नाही," सिस्टर म्हणाली.

"मग ती अशी ओढून कशाला ठेवलीत? वाचनालय आहे हे. जागा धरायला लग्नाचा हॉल नव्हे."

सिस्टरने समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवली. अगदी सावकाश सरकवली, कारण खुर्चीत आजी बसल्या होत्या. आजींनी पाय आत घेतले, 'राहू दे गं' अशी मान हलवली आणि हसल्या. त्यांना वारून नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांची कोणाला म्हणून अडचण नव्हती. बसमध्ये उभ्या राहत, घरी आल्या तर कोपऱ्यात टेकत. सिस्टरचा नवरा दोनदा त्यांच्या अंगावर बसला. त्यालाही त्या हसल्याच.

सिस्टर बावीस वर्षं मोठ्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात होती. गेल्या आठवड्यात मेट्रनबाईंनी सगळ्याजणींना उभं करून निबंधाचा विषय दिला होता: रुग्णसेवेतील सांस्कृतिक जाणीव. दहा पानं, पाच संदर्भ, तेही वाचनालयातले. "शुक्रवारी बारा वाजता जाणीव माझ्या टेबलावर पाहिजे. ज्यांना जाणीव होणार नाही त्यांची रजा कापली जाईल." त्यातल्या चांगल्या निबंधांची वॉर्डासाठी पुस्तिका निघणार होती आणि पुढच्या सगळ्या नव्या मुली त्यावरून शिकणार होत्या. बाकीच्यांनी सोपे समाज पटापट उचलले. सिस्टरने डोंगरापलीकडची माणसं घेतली, म्हणजे आजींची माणसं.

आजी सात नंबरच्या खाटेवर होत्या. पोटासाठी आल्या होत्या. भाषा धड जमत नव्हती, म्हणून सिस्टरने वेदनांचा तक्ता पुढे धरला. त्यावर सहा तोंडं असतात. पहिलं हसरं, त्याला शून्य. शेवटचं रडकं, त्याला दहा. "आजी, यातलं तुमचं कुठलं?" आजींनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. दिवसपाळीत दर दोन तासांनी विचारायचं, असे चार दिवस. आजींनी सोळा वेळा हसऱ्यावर बोट ठेवलं आणि सिस्टरने सोळा वेळा शून्य लिहिलं. पाचव्या दिवशी सकाळी आजी गेल्या. आतडं फुटलं होतं.

"कागदावर तर शून्य आहे," डॉक्टर म्हणाले आणि विषय तिथंच मिटला.

आजींचा मुलगा जाताना हात जोडून म्हणाला होता, "आई म्हणायची, या पोरी आपल्यासाठी एवढ्या राबतात, आपण पाहुणे. पाहुण्यानं रडकं तोंड दाखवू नये."

सिस्टरने हे कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. फक्त तेव्हापासून तिचा कोणाच्या हसण्यावर विश्वास उरला नाही. दूधवाला हसला तरी ती त्याचं पोट दाबून बघायच्या बेतात असे. घरी सासूबाईंना रोज विचारी, "गुडघा कसा आहे?"

"मजेत आहे. तुझी आठवण काढत होता."

"खरं सांगा."

"अगं बाई, खरं सांगितलं तर तू इंजेक्शन आणशील!"

आता तिच्यापुढे एक जाडजूड पाठ्यपुस्तक उघडं होतं. दोनशे बाराव्या पानावर डोंगरापलीकडच्या माणसांना तीन ओळी मिळाल्या होत्या. 'या समाजात वेदना सहन करण्याची क्षमता उपजतच अधिक असते. पाहणीत सोळापैकी सोळा रुग्णांनी वेदना नसल्याचे सांगितले. त्यांना वेदनाशामक कमी मात्रेत पुरते.'

सिस्टरने ते तीनदा वाचलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"म्हणजे दुखलंच नव्हतं ना?" ती हळूच म्हणाली. "आजी, छापलंय इथं."

आजी हसल्या.

त्या ओळींवर बारीक चौदाचा आकडा होता. पाच संदर्भ भरायचे होते, म्हणून तिने शेवटच्या पानांत चौदा शोधला. कुठल्याशा नियतकालिकाचा जुना अंक निघाला. ग्रंथपालबाई कुरकुरत तळघरात गेल्या आणि डोक्याला कोळ्याची जाळी लावून परत आल्या. "हा अंक आजवर कोणी मागितला नव्हता. जपून हाताळा, त्याला माणसांची सवय नाही."

त्यात एक तक्ता होता. कोणीतरी सिस्टरच्याच रुग्णालयातले जुने कागद बसल्या जागी मोजले होते. डोंगरापलीकडच्या माणसांची एकच ओळ होती. 'खाट ७. स्त्री, वय सुमारे ७०. नोंदी १६. सर्व शून्य.'

रुग्ण एक होता. नोंदी सोळा होत्या. पाठ्यपुस्तकापर्यंत येता येता एका आजीच्या सोळा आज्या झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही दुखत नव्हतं. पाचव्या दिवसाची ओळ तक्त्यात नव्हतीच.

सिस्टरने पाठ्यपुस्तकाचं मागचं पान पाहिलं. तारखांचे शिक्के खालपर्यंत भरले होते. एवढ्या जणींनी ते घरी नेलं होतं, वाचलं होतं आणि कुठल्या कुठल्या वॉर्डांत जाऊन अर्धी गोळी दिली होती.

तिने पेन उघडलं.

"पुस्तकात लिहायचं नाही!" ग्रंथपालबाई दुरून कडाडल्या.

"यात चूक आहे."

"सगळ्यांत असते. म्हणून काय गिरगटायचं?" त्या जवळ आल्या, पान पाहिलं, मग सिस्टरचं तोंड पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "शुद्धिपत्र चिकटवता येतं. नियमात बसतं. पण पुरावा लागतो. आणि खाली पूर्ण नाव, सही."

"नाव लागेलच?"

"निनावी चूक चालते. निनावी दुरुस्ती चालत नाही."

सिस्टरने मनात हिशेब केला. पुढे नोकरीची आठ वर्षं होती. कागद नऊ वर्षं तिच्या बाजूने गप्प बसला होता. बाईंनी कोरी चिठ्ठी आणि गोंदाची बाटली आणून ठेवली आणि मुद्दाम पाठ करून उभ्या राहिल्या.

तिने लिहिलं: 'रुग्ण सोळा नव्हते, एकच होत्या. त्या पाचव्या दिवशी वारल्या. त्यांना दुखत होतं. मी नीट विचारलं नाही. त्या सोळा नोंदी माझ्या आहेत.' खाली नाव घातलं, सही केली.

"पुरावा?" बाईंनी न वळता विचारलं.

"मी."

बाईंनी चिठ्ठी वाचली. शिक्का मारला, तिन्ही ओळी झाकतील अशी ती नीट चिकटवली आणि पुस्तक दाबून धरलं.

"निबंधाचं काय?"

"हाच. एक पान होईल."

"मेट्रनबाई दहा मागतात म्हणालात ना?"

सिस्टर उत्तर देणार, तेवढ्यात समोरून आवाज आला. बारीक, दातांमागे दाबलेला. आजींचं हसू गेलं होतं. चेहरा चुरगळला होता, कपाळावर घाम आला होता, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून त्या पुढे वाकल्या होत्या.

सिस्टर उठली. टेबलाला वळसा घालून गेली, गुडघ्यांवर बसली आणि आजींच्या पाठीवर हात ठेवला.

"कुठं दुखतंय?"

आजींनी तिचा दुसरा हात धरला आणि जागा दाखवली.